दोन तारांखालचे दोनशे मीटर

सकाळी सहा वाजता, देवनहळ्ळीच्या माळावरचे धुके अजून उठायचे होते, तेव्हा नरसिंहरावांनी बसची परीक्षा घेतली आणि बस उत्तीर्ण झाली. परीक्षेचे साधन म्हणजे हाताने दांडा फिरवून चालवायचे मेगर; वीज आपली वाट सोडून गाडीच्या पत्र्यात झिरपते आहे की काय, एवढेच ते सांगते, पण ते खोटे बोलत नाही. काटा जिथे जायला हवा होता तिथे गेला. नरसिंहरावांनी वहीत तारीख, वेळ, हवामान आणि आकडा लिहिला, खाली सही केली, आणि आसपास कोणी नाही अशी खात्री करून घेऊन वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी दोन पावले चक्क नाचून घेतली. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते, ही गोष्ट त्या दोन पावलांपुरती त्यांच्या ध्यानातून गेली.

कारणच तसे होते. समोर उभी असलेली लाल गाडी दिसायला बससारखी बस होती, मात्र तिच्या टपावर मागच्या बाजूला कललेल्या दोन लांब दांड्या होत्या, आणि त्या दांड्यांची टोके वर ताणलेल्या तांब्याच्या दोन तारांना टेकली की गाडीत प्राण येत असे. ट्रॉलीबस! एका तारेतून वीज येते, दुसरीतून परत जाते. रूळ लागत नाहीत, धूर होत नाही. बारा वर्षांचे असताना नरसिंहराव निपाणीहून मामांकडे मुंबईला गेले होते, आणि तिथे अशी एक गाडी काहीही आवाज न करता त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली होती. त्या आश्चर्यातून ते अद्याप बाहेर आलेले नव्हते. पुढे बंगळुरूत एका कारखान्यात विजेचे सुपरवायझर म्हणून त्यांची तीस वर्षे गेली. बंगळुरूच्या रस्त्यांनी हे वाहन कधी पाहिलेच नव्हते. आणि अकरा वर्षांपूर्वी कोलारच्या बाजूला एका शेतात, चाके मातीत रुतलेली, आत कोंबड्या पाळलेल्या अशा अवस्थेत ही गाडी त्यांना सापडली. कोंबड्यांना दुसरे घर बांधून देण्याच्या बोलीवर ती त्यांना मिळाली. अप्पासाहेब नावाच्या मित्राने देवनहळ्ळीचा आपला माळ वापरायला दिला. तिथे नरसिंहरावांनी खांब रोवले, दोनशे मीटर तारा ताणल्या, तीन फेजच्या विजेचा डीसी करणारा रेक्टिफायर स्वतःच्या हातांनी बांधला आणि अकरा वर्षांत गाडीचा एकेक स्क्रू ओळखीचा करून घेतला.

आता त्या माळावर घरांचे प्लॉट पाडून लेआउट होत होता. पिवळ्या रंगाचे दगड थेट तिसऱ्या खांबापर्यंत आले होते आणि महिनाअखेरीस जागा मोकळी करायची होती. जुन्या वाहनांचे एक संग्रहालय शहराबाहेर उभे राहत होते; त्याच्या शेडमध्ये एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी कोलारचा एक वाफेचा रोडरोलरही रांगेत होता. संग्रहालयाच्या प्रमुख पवित्रा मॅडम यांची अट स्पष्ट होती. उभे वाहन त्या घेत नसत, चालते घेत. आज सकाळी दहा वाजता त्या येणार, गाडी तारांखालून चढावर शेवटच्या खांबापर्यंत गेलेली स्वतः बसून पाहणार, आणि बाराच्या आत विमानतळावर जाणार होत्या. सोमवारी निर्णय. गाडी चालली तर शेड. नाही चालली तर भंगारवाल्याचा गॅस कटर.

म्हणून परीक्षा झाल्यावर नरसिंहरावांनी पूजा मांडली. चाकांखाली लिंबे ठेवली, पुढच्या काचेला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधले, कुंकवाची बोटे ओढली, नारळ फोडला. शिडी लावून, गुडघ्याला आवरत, ते टपावरही चढले आणि रात्रभर बादलीत भिजवून ताजी राखलेली झेंडूची माळ त्यांनी दांड्यांच्या मुळाशी प्रेमाने गुंडाळली. खाली उतरून पाहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. नवरीच दिसत होती गाडी.

साडेनऊला त्यांचा भाचा शंतनु आला तो महादेवपुऱ्यातल्या आपल्या कंपनीची कोरी करकरीत इलेक्ट्रिक बस घेऊन. शंतनु मूळचा पुण्याचा. राहायला मारतहळ्ळीला, आणि कंपनीत बॅटरी विभागात. चाचणीच्या बसची शनिवारची फेरी त्याने मुद्दाम देवनहळ्ळीकडे लावून घेतली होती, कारण बस चालवणारी धनलक्ष्मी इथे हवी होती. नरसिंहरावांचा गुडघा गाडी चालवण्याजोगा नव्हता. अथणीकडची धनलक्ष्मी गेले सहा रविवार ट्रॉलीबस चालवायला शिकत होती.

"अण्णा, केवढी नटवलीत हो हिला!" धनलक्ष्मी उतरता उतरता म्हणाली. "माझ्या लग्नात मला एवढं नटवलं नव्हतं."

"डावा पाय कसा आहे?" नरसिंहरावांनी विचारले.

"डावा पाय झोपेतसुद्धा दाबतेय मी. नवरा म्हणतो, लाथा का मारतेस?" या जुन्या गाडीत वीज सोडायचा पेडल डाव्या पायाखाली होता आणि ब्रेक उजव्या. पहिल्या रविवारी धनलक्ष्मीने सवयीने उजवा पाय दाबला होता आणि गाडी का हलत नाही म्हणून अर्धा तास भांडली होती.

शंतनुने दोन्ही बसांकडे आळीपाळीने पाहिले. "मामा, खरं सांगा, माझी गाडी जास्त देखणी आहे की नाही?"

"तुझी ती बस नव्हे. चाकांवर ठेवलेली बॅटरी आहे," नरसिंहराव ठामपणे म्हणाले. हा वाद जुना होता आणि दोघांनाही तो तोंडपाठ होता, तरी दर खेपेस ते नव्या उत्साहाने त्यात उतरत. "दोन टनांची शिदोरी पाठीवर घेऊन हिंडते. अर्धी वीज शिदोरी उचलण्यातच जाते. माझी गाडी बघ, काही उचलत नाही. लागेल तेव्हा तारेतून घेते, नको तेव्हा सोडते."

"आणि तार संपली की जागच्या जागी उभी राहते. दाव्याला बांधलेली म्हैस आहे ती, मामा! समोर खड्डा खणला तर वळसा घालता येत नाही. माझी गाडी ब्रेक मारला की वीज परत बॅटरीत भरते. तुमची काय करते? रेझिस्टन्स तापवते. चहा करा त्याच्यावर!"

"पंधरा वर्षांनी तुझी बॅटरी कुठे असेल? ही साठ वर्षांची आहे आणि मोटर तीच आहे."

"अण्णा, शंतनु सर, स्वल्प थांबा," धनलक्ष्मी म्हणाली. "तो दिवा का गेला?"

रेक्टिफायरच्या खोलीवरचा हिरवा दिवा विझला होता. नरसिंहराव आत धावले. तिन्ही फेज गेल्या होत्या. पलीकडच्या अंगाला, लेआउटच्या गटारासाठी खणणारे एक्सकॅव्हेटर स्तब्ध उभे होते, आणि त्याचा चालक आपण खोदलेल्या चरात डोकावून डोके खाजवत होता. जमिनीखालची केबल तुटली होती. शंतनुने दुरुस्ती विभागाला फोन लावला. उत्तर मिळाले, संध्याकाळ होईल.

नरसिंहराव गाडीच्या पायरीवर बसले. अकरा वर्षे, आणि संध्याकाळ होईल! एवढ्यात फाटकातून पवित्रा मॅडमची गाडी आत आली.

पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या त्या बाई कन्नडच बोलत होत्या. नरसिंहरावांचे कन्नड त्यांच्या मराठीइतकेच जुने होते, तेव्हा बोलण्यात अडचण नव्हती. अडचण सांगण्यात होती. त्यांनी काही न लपवता सांगितले.

"वाईट झालं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलेले दिसत होते. "पण सोमवारच्या सभेत मी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगू शकते. रोडरोलर काल पाहिला. शिट्टीसुद्धा वाजवली त्याने." त्यांनी घड्याळ पाहिले. "माझ्याकडे दीड तास आहे. काही होत असेल तर पाहा."

आपल्या बसच्या मागच्या झाकणाकडे पाहत शंतनु एकदम म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीला किती लागतात?"

"साडेपाचशे व्होल्ट. तुला माहीत आहे."

"माझ्या बॅटरी पॅकला आत्ता सहाशेच्या आसपास आहेत. आणि ही चाचणीची बस आहे. बॅटरी रिकामी करून बघायला बाहेर काढलेली जोडणी आहे हिला." त्याचे डोळे लकाकू लागले. "तुमच्या केबल रेक्टिफायरवरून सोडवू आणि माझ्या गाडीला लावू. तारांना वीज माझी गाडी देईल. तुमची गाडी तारेवरच चालेल. तारेला काय कळतंय, वीज कुठून आली?"

नरसिंहरावांनी तोंड उघडले. गेल्या चार वर्षांत बॅटरीविरुद्ध जमवलेला एकूण एक युक्तिवाद त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला, आणि तिथेच उभा राहिला. कारण त्यांच्यातला सुपरवायझर त्यांच्या आधी हिशेबाला लागला होता. पन्नास व्होल्ट जास्त. पूर्वी सबस्टेशनच्या जवळच्या गाड्यांना तेवढे मिळतच असत. प्रवाह? चढावर दीडशे अँपिअर, फार तर दोनशे.

"फ्यूज कितीचा आहे तुझा?" त्यांनी विचारले.

"अडीचशेचा."

"मग पान्हा आण. उभा काय राहिलास?"

शंतनुने आधी कंपनीतल्या मंजुनाथ सरांना फोन केला. पलीकडून एवढे मोठे हसू ऐकू आले की धनलक्ष्मीलाही ते कळले. अट एकच होती: सगळ्याची नोंद करून सोमवारी अहवाल द्यायचा. पुढची वीस मिनिटे माळावर जी धावपळ झाली तिच्यात वय, हुद्दा आणि गुडघा यांची पत्रास कोणी ठेवली नाही. मनगटाएवढ्या जाड केबल ओढल्या गेल्या, नट आवळले गेले. पवित्रा मॅडमनी चष्मा नाकावर घेऊन टॉर्च धरला. धनलक्ष्मीने लांब बांबूने दांड्या एकेक करून तारांना टेकवल्या. बरोबर पावणेअकराला शंतनुने कळ दाबली.

खट्. आणि लगेच दुसरे खट्. पडद्यावर लाल अक्षरे आली.

"काय म्हणते?" नरसिंहराव ओरडले.

"म्हणते, वीज कुठेतरी झिरपतेय. म्हणून कनेक्शन तोडलं तिने."

"भित्री आहे तुझी गाडी!"

"भित्री नाही, शहाणी आहे. बाहेर गळती दिसली की देतच नाही वीज." शंतनु विचार करू लागला. "मामा, तुमची परतीची तार जमिनीला जोडलेली आहे ना?"

"अर्थात! नियमच आहे तो."

"तुमच्या काळातला. माझ्या गाडीत कुठलंच टोक जमिनीला बांधलेलं नसतं. हिला ती जोडणीच गळती वाटतेय. ती सोडवा."

अर्थिंग सोडायचे? तीस वर्षे ज्या माणसाने इतरांना अर्थिंगवरून फैलावर घेतले त्याला? पण नरसिंहराव हट्टी असले तरी विचार करायला नकार देणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी काडीने मातीत आकृती काढली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. दोन्ही टोके मोकळी असतील तर एका टोकाला चुकून हात लागला तरी विजेचे वर्तुळ पुरे होत नाही. सरी, म्हणजे ठीक. त्यांनी स्वतः जाऊन पट्टी सोडवली.

कळ दाबली. खट्. खट्. पुन्हा लाल.

आता अकराला पाच कमी होते. पवित्रा मॅडमनी पुन्हा घड्याळ पाहिले. शंतनुने दांड्या खाली घ्यायला सांगितल्या. धनलक्ष्मीने त्या तारांवरून सोडवून टपावरच्या आकड्यांत अडकवल्या. त्याने पुन्हा कळ दाबली, आणि पडदा हिरवा झाला! दांड्या वर, लाल. दांड्या खाली, हिरवा.

"म्हणजे तारा ठीक आहेत," शंतनु हळू आवाजात म्हणाला. "दोष तुमच्या गाडीत आहे, मामा."

"अशक्य!" नरसिंहरावांचा चेहरा तापला. त्यांनी वही काढून त्याच्या नाकासमोर धरली. "सकाळी सहा वाजता. हा आकडा. ही सही. माझ्या गाडीत थेंबभर गळती नाही. तुझा पडदा काय बोलतो ते मला नको सांगू, माझ्या मेगरने खोटं बोललेलं मला दाखव!"

"मेगर खोटं नाही बोलत, मामा. मी कुठं म्हणतोय? सहा वाजता गळती नव्हती." शंतनु वहीकडे पाहत राहिला. "सहानंतर तुम्ही काय केलंत?"

नरसिंहराव उत्तर द्यायला वळले ते गाडीकडे. चाकांखाली लिंबे होती. काचेशी केळीचे खुंट होते. आणि वर, दांड्यांच्या मुळाशी, तारेतली वीज आणि गाडीचा पत्रा यांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर, त्यांनी स्वतःच्या हाताने चार वेढे देऊन बांधलेली, रात्रभर पाण्यात भिजलेली, अजून टपटपत असलेली झेंडूची माळ होती.

जे समजायचे होते ते सगळे एकाच वेळी समजले. केबल तुटली नसती तर सकाळी त्यांनी रेक्टिफायर सुरू केला असता. रेक्टिफायर बिनडोक, त्याने निमूट वीज दिली असती. ओल्या फुलांतून ती पत्र्यात उतरली असती, परतीची तार तर जमिनीला बांधलेलीच होती, आणि पवित्रा मॅडमनी चढताना एक पाय मातीत ठेवून दाराच्या पितळी दांडीला हात घातला असता.

आता काय करायचे, हे अगदी सोपे होते. शिडी चढायची, हार काढायचा, 'झालं दुरुस्त' म्हणायचे. मॅडम त्या वेळी फोनवर विमानतळाशी बोलत होत्या. त्यांना काही कळले नव्हते. शंतनुने मामांकडे पाहिले आणि मान किंचित हलवली, जणू तो म्हणत होता, मी बोलणार नाही.

नरसिंहराव फोन संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी वही छातीशी धरून, कारखान्यात वरिष्ठांसमोर अपघाताचा अहवाल द्यायचे तसे, सगळे सांगितले. हाराचे वेढेसुद्धा चार असे मोजून सांगितले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तपासणी आधी केली आणि पूजा नंतर. गाडीत दोष नाही. याउपर तुम्हाला बसायचं नसेल तर मी आग्रह करणार नाही."

पवित्रा मॅडमनी वर टपाकडे पाहिले, पितळी दांडीकडे पाहिले, आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. धनलक्ष्मी पुटपुटली, "अय्यो देवा, संपलं."

"तुमची ती वही द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मागची पाने चाळली, बऱ्याच मागची; रविवारांची, पावसाळ्यांची, अकरा वर्षांची. मग पेन पुढे केले. "इथे लिहा. आधी पूजा, मग मेगर, मग प्रवासी. शेडमध्ये हाच क्रम लागेल. आणि आत्ता पुन्हा मोजा, माझ्यासमोर. विमान काय, चुकलं तर पुढचं आहे."

शेडमध्ये! नरसिंहरावांनी तो शब्द ऐकला, पण त्याच्यापाशी थांबायला वेळ नव्हता. शंतनु टपावर चढला होता. हार खाली आला, इन्सुलेटर कोरड्या फडक्याने पुसले गेले, एकदा, दोनदा, आणि नरसिंहरावांना समाधान वाटेना म्हणून तिसऱ्यांदा. मेगरचा दांडा फिरला. काटा जिथे जायला हवा तिथे गेला. मॅडमनी वाकून तो पाहिला आणि आकड्याखाली दुसरी सही केली. दांड्या तारांना टेकल्या. शंतनुने कळ दाबली.

खट्. आणि मग काहीच नाही. हिरवा!

"चढा!" नरसिंहराव असे ओरडले की चरापाशी उभा असलेला एक्सकॅव्हेटरचा चालकही धावत येऊन चढला.

धनलक्ष्मीने डावा पाय हलकेच दाबला. पोटाखाली कॉन्टॅक्टरचे, म्हणजे वीज जोडणारे, खटके एकामागून एक बसले, टक, टक, टक, आणि नऊ टनांची ती गाडी कुणी पाठीवर हात ठेवून पुढे न्यावे तशी निघाली. आवाज होता तो फक्त टायरांखालच्या खड्यांचा आणि वर तारांवरून घसरणाऱ्या कार्बनच्या टोकांचा, एक बारीक, लांबत जाणारा सुस्कारा. पहिला खांब मागे गेला. तिसऱ्या खांबापासून चढ लागला. धनलक्ष्मीने पाय आणखी खाली नेला आणि गाडी मंदावण्याऐवजी उसळली. "अण्णाSS! हिच्यात जीव केवढा आहे!" पवित्रा मॅडम चामड्याच्या कडीला लोंबकळत शाळकरी मुलीसारख्या हसत होत्या. नरसिंहराव दारात उभे होते, पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून, आणि त्यांचे वय त्या दोनशे मीटरांत नक्की किती होते हे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी पुराव्यासह बारा असे सिद्ध केले असते.

शेवटच्या खांबापाशी गाडी थांबली. धनलक्ष्मीने घंटा वाजवली, थांबायलाच तयार नव्हती ती.

"शिट्टीपेक्षा घंटा बरी," पवित्रा मॅडम उतरताना म्हणाल्या. "सोमवारी मी हिचंच नाव सांगणार आहे. सभेत कोणी वाद घातला तर तुम्हाला फोन करते; तुम्ही वाद चांगला घालता असं दिसतंय. शेडमध्ये खांब किती लागतील ते कळवा."

"अठ्ठावीस," नरसिंहराव तत्क्षणी म्हणाले. आकडा दोन वर्षांपासून तयार होता.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर गेली. शंतनु खालून हातवारे करत चढ चढून येत होता. पोहोचायच्या आधीच तो ओरडला, "मामा! विचारा, किती टक्के गेली बॅटरी?"

"पाच?"

"निघताना एक्क्याऐंशी होती. आत्ताही एक्क्याऐंशीच आहे. आकडा हललाच नाही!"

नरसिंहरावांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले. दोन टनांची शिदोरी, आणि त्यातला एक घाससुद्धा नाही? मग वही काढून ते चढ उतरू लागले. "तुझा पडदा मी मानत नाही," ते म्हणाले, "मला मीटर लावून दाखव." पण खाली पोहोचल्यावर मीटर मागण्याआधी ते बादलीपाशी थांबले. झेंडूची माळ तिथे कडेला पडली होती. ती त्यांनी उचलली, नीट झटकली, पाणी पूर्ण निथळू दिले, आणि आजूबाजूला कुठे उघडे टोक नाही हे दोनदा तपासून इलेक्ट्रिक बसच्या आरशाला बांधली.